बाई, हा खांब काढला तर?



आमच्या वर्गाच्या मधोमध एक खांब आहे. त्याच्या मागे बसणाऱ्याला अर्धा फळा दिसत नाही. एक दिवस तिथे बसणारी मुलगी म्हणाली, "बाई, हा खांब काढला तर?" मी म्हटलं, "छत खाली येईल." उत्तर बरोबर होतं, पण अर्धवट होतं. उरलेलं उत्तर मला शिकागोत सापडलं.

तिथल्या 'लूप' या मध्यवर्ती व्यापारी भागात १९५८ साली इनलँड स्टील या पोलाद कंपनीचं १९ मजली कार्यालय पूर्ण झालं. ब्रूस ग्रॅहम आणि वॉल्टर नेट्श हे त्याचे वास्तुरचनाकार. विशेष म्हणजे कार्यालयाच्या एकाही मजल्यावर मध्ये खांब नाही!

हे कसं जमलं?

१) खांब कडेला नेले. दोन लांब बाजूंना प्रत्येकी सात. समोरासमोरच्या खांबांवर पोलादी तुळया टाकल्या. मजल्याचं वजन तुळईवर, तुळईचं खांबांवर आणि खांबांचं पायावर जातं.

२) लिफ्ट, जिने, स्वच्छतागृहं शेजारच्या वेगळ्या मनोऱ्यात ठेवली. त्यामुळे मजला पूर्ण मोकळा राहिला.

पण हे फुकट होत नाही. खांबांमधलं अंतर वाढलं की तुळई जास्त खोल, म्हणजे उभ्या मापाने मोठी लागते. साहजिकच खर्चही वाढतो. म्हणून आपल्या शाळांत मध्येच खांब दिसतात.

वर्गात करून पाहा : पुस्तकांच्या दोन सारख्या थप्प्यांवर प्लास्टिकची पट्टी आडवी ठेवा. मधोमध कंपासपेटी ठेवा. पट्टी वाकेल. थप्प्या आणखी दूर न्या, ती जास्त वाकेल. आता पट्टी कडेवर उभी धरून मधोमध बोटाने दाबा. जवळपास वाकणारच नाही! पट्टी तीच, फक्त उभी केली. मुलांना कारण सांगू नका, आधी त्यांना बोलू द्या.

आमचा खांब अजून तिथेच आहे. पण आता दर सोमवारी जागा बदलतात, त्याच्या मागे रोज एकच मूल बसत नाही. पालकहो, आज घरी मुलांना एवढंच विचारा : "आपल्या घराचं वजन कुठून कुठे जातं?"