महाविद्यालयीन जीवन आणि मानसिक आरोग्य

बारावीचा निकाल लागल्यानंतर खेड्यातील शाळेतून पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर यांसारख्या शहरांत उच्च शिक्षणासाठी येणाऱ्या विद्यार्थ्याच्या जीवनात एकाच वेळी अनेक बदल घडून येतात. घर सुटते. शिक्षणाचे माध्यम मराठीऐवजी इंग्रजी होते. खानावळीचे पैसे गावाकडील पिकाच्या भावावर अवलंबून असतात. गावच्या शाळेत पहिला येणारा मुलगा पहिल्याच सत्रात दोन विषयांत अनुत्तीर्ण होऊन एटीकेटीच्या यादीत जातो आणि ही गोष्ट घरी कशी सांगावी, या विवंचनेत सापडतो. यांपैकी प्रत्येक अडचण सोसण्याजोगी असली, तरी त्या एकत्र आल्या आणि बोलावयास जवळचे कोणी नसले, म्हणजे ताणाचे पर्यवसान आजारात होण्याचा संभव वाढतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार 2022 या वर्षात देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी 1,764 महाराष्ट्रातील होते आणि ही संख्या त्या वर्षी सर्व राज्यांत अधिक होती. या आकड्यांत शाळा आणि महाविद्यालये या दोहोंतील विद्यार्थी येतात. आत्महत्येमागे बहुधा एकच एक कारण नसते. परीक्षेतील अपयश हे वरवर दिसणारे शेवटचे निमित्त असते, एवढे मात्र ध्यानात घ्यावयास हवे.

खिन्नता आणि आजार

निकाल बिघडल्यावर वाईट वाटणे हा आजार नव्हे. चार दिवसांनी मित्रांत मन रमते, भूक लागते, पुस्तक पुन्हा हाती घेतले जाते. परंतु उदासपणा किंवा कशातच रस न वाटणे ही अवस्था दोन आठवडे जवळजवळ रोज टिकली, त्याबरोबर झोप व भूक बिघडली, एकाग्रता गेली, आपण निरुपयोगी आहोत असे वाटू लागले, तर त्यास नैराश्याचा विकार समजून तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. त्यावर समुपदेशनाने आणि आवश्यक तेथे औषधांनी उपचार होतात. औषधांचा गुण दिसावयास सामान्यतः दोन ते चार आठवडे लागतात. हे ठाऊक नसल्यामुळे पुष्कळ जण आठवड्याभरातच औषध सोडून देतात आणि उपचारांनाच दोष देतात. ‘मन खंबीर कर’ हा वडीलधाऱ्यांचा उपदेश सद्हेतूने केलेला असला, तरी आजारी माणसाला तो आपल्या दुबळेपणाचा दाखलाच वाटतो.

शिक्षकाचे स्थान

विद्यार्थ्यात होणारा पालट प्रथम दिसतो तो वर्गात, वसतिगृहात आणि खानावळीत. नियमित येणारा विद्यार्थी गैरहजर राहू लागतो, प्रात्यक्षिकांची वही अपुरी राहते, जेवणाच्या वेळी तो खोलीतच बसून असतो, आवडीच्या वस्तू मित्रांना देऊन टाकतो. अनेक महाविद्यालयांत शिक्षक-पालक योजना आहे. परंतु तिचे काम पुष्कळदा नोंदवहीत सही घेण्यापुरतेच उरते. या योजनेतील शिक्षकाने सत्राच्या आरंभीच्या आठवड्यांत प्रत्येक विद्यार्थ्याशी एकट्याने दहा मिनिटे बोलणे, हे एखाद्या मोठ्या व्याख्यानापेक्षा अधिक उपयोगी ठरते.

जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार मनात येतो काय, असे विचारल्याने तो विचार मनात पेरला जाईल, अशी भीती शिक्षकांना वाटते. ती निराधार आहे. शांतपणे आणि स्पष्ट शब्दांत विचारल्यास विद्यार्थ्यास बहुधा मोकळे वाटते. उत्तर होकारार्थी आल्यास त्यास एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी तज्ज्ञाकडे न्यावे. अशा वेळी गुप्ततेचे वचन देऊ नये. मात्र ज्यांना कळणे आवश्यक आहे त्यांच्यापलीकडे ती गोष्ट जाऊही देऊ नये. पोलिसांचा ससेमिरा लागेल, या धास्तीने काही कुटुंबे असा प्रयत्न झाल्यावर तो लपवीत असत. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 च्या कलम 115 ने अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले असून तिची काळजी घेण्याचे कर्तव्य शासनावर सोपविले आहे. हा कायदा 2018 च्या मे महिन्यात अमलात आला.

येथे शिक्षकाच्या स्वतःच्या मनाचाही विचार करावयास हवा, आणि तो फारसा केला जात नाही. अध्यापन, उत्तरपत्रिका तपासणी, मूल्यांकनाची कागदपत्रे यांत त्याचा दिवस संपतो. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या प्राध्यापकाला घेतलेल्या तासांचेच मानधन मिळते, तेही अनेकदा उशिरा. पुढील वर्षी काम मिळेल किंवा नाही, याची त्यास शाश्वती नसते. ज्याच्या मागे ही चिंता आहे त्याने दुसऱ्याची चिंता निवांतपणे ऐकावी, ही अपेक्षा अवाजवी होय. वेळेवर मानधन मिळणे ही मानसिक आरोग्याचीही बाब आहे, हे संस्थाचालकांनी व लेखाविभागाने समजून घेणे इष्ट ठरेल. शिवाय शिक्षकाने उपचारक व्हावे, अशी कोणाची अपेक्षा नाही. ऐकणे, ओळखणे आणि योग्य ठिकाणी पोहोचविणे, येथवर त्याची मर्यादा आहे.

उपलब्ध सेवा

योग्य ठिकाण कोणते, याची माहिती पुष्कळ प्राचार्यांना नसते. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम 1982 मध्ये आणि त्याअंतर्गत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम 1996 मध्ये सुरू झाला. महाविद्यालयांतील समुपदेशन, कामाच्या ठिकाणचा ताण आणि आत्महत्या प्रतिबंध हे विषयही या जिल्हा कार्यक्रमाच्या कक्षेत येतात. तेव्हा जिल्हा रुग्णालयातील या पथकाशी महाविद्यालयाने पत्रव्यवहार करून शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी त्यास पाचारण करणे सहज शक्य आहे. येरवडा, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. परंतु बहुसंख्य विद्यार्थ्यांना तेथवर जाण्याची गरज पडत नाही. 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झालेल्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक रात्रंदिवस विनामूल्य उपलब्ध असून त्यावर मराठीतून बोलता येते.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार, शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावयाचा आहे. त्याहून लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी रीतसर व्यवस्था ठेवावयाची आहे आणि सर्व कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावयाचे आहे. मदतीचे दूरध्वनी क्रमांक वर्गात व वसतिगृहात ठळकपणे लावणेही त्यात आले.

दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुटीत हाच विद्यार्थी गावी परततो आणि महाविद्यालयाची नजर त्याच्यावरून सुटते. अशा वेळी सरपंच, ग्रामपंचायत सदस्य, आशा कार्यकर्ती आणि गावातील शिक्षक यांना 14416 हा क्रमांक व जिल्हा रुग्णालयातील मानसिक आरोग्य विभागाचा बाह्यरुग्ण दिवस ठाऊक असावा. ग्रामपंचायतीच्या फलकावर लसीकरणाचे वेळापत्रक लागते, त्याच्याच शेजारी या दोन ओळी लिहिता येतील.