झोपण्याआधीची पंधरा मिनिटं : मुलांना काय वाचून दाखवाल?

पालकसभेत हल्ली एक तक्रार हमखास येते. "टीचर, पोरगा अभ्यासाशिवाय पुस्तकाला हातच लावत नाही. काहीतरी सांगा." मी विचारते, "घरी त्याला कोणी वाचून दाखवतं का?" मग उत्तर येतं, "आता पाचवीत आहे तो. स्वतः वाचता येतं की त्याला!"

इथेच आपलं चुकतं. वाचता येणं वेगळं आणि वाचावंसं वाटणं वेगळं. अक्षरओळख आम्ही शाळेत करून देतो. गोडी मात्र घरात लागते, आणि त्यासाठी झोपायच्या आधीची वेळ सगळ्यात चांगली. ईशाची नमाज झालेली असते, जेवणं आटोपलेली असतात, मूल अम्मीच्या किंवा दादीच्या कुशीत असतं. पूर्वी याच वेळी नानी-दादी गोष्टी सांगायच्या. आता त्या जागी मोबाइल आला.

माझी स्वतःची चूक आधी सांगते. मुलगी सात वर्षांची असताना मी तिला रोज रात्री वाचून दाखवायचे. पण माझ्यातली टीचर घरीही सुटेना. गोष्ट संपली की विचारायचे, "यातून काय शिकलीस? या शब्दाचा अर्थ सांग." महिनाभरातच ती पुस्तक काढलं की म्हणू लागली, "अम्मी, मला झोप आली." झोप कसली, तिला परीक्षेचा कंटाळा आला होता. तेव्हापासून आमच्या घरी एक नियम आहे. रात्रीच्या गोष्टीनंतर प्रश्न नाही, तात्पर्य नाही. मुलीने विचारलं तरच बोलायचं.

आता वाचायचं काय? वर्गात आणि घरी वाचून पाहिलेली काही पुस्तकं वयानुसार सांगते.

तीन ते सहा वर्षं

या वयाला चित्रं मोठी आणि मजकूर थोडा हवा. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर अशा भरपूर गोष्टी मोफत आहेत. मराठीतही आहेत, उर्दूतही. अनेक गोष्टी तर दोन्ही भाषांत मिळतात. एके रात्री अम्मीने मराठीतून वाचावी, दुसऱ्या रात्री तीच अब्बूंनी उर्दूतून. गोष्ट माहीत असल्यामुळे दुसऱ्या भाषेतले शब्द मूल आपोआप पकडतं. शक्य असेल तर पानं छापून घ्या, कारण मोबाइल हातात आला की गोष्ट राहते बाजूला आणि व्हिडिओ सुरू होतात.

मूल तीच गोष्ट दहादा मागेल. कंटाळू नका. पुढे काय होणार ते माहीत असण्यातच त्याला मजा येते.

सात ते दहा वर्षं

प्रेमचंदांची 'ईदगाह' प्रत्येक घरात वाचली गेली पाहिजे. हमीदच्या खिशात फक्त तीन पैसे. दोस्त खेळणी आणि मिठाई घेतात, तो दादीसाठी चिमटा घेतो. ही गोष्ट दोन रात्रींत वाचा. पहिल्या रात्री दोस्त खेळणी घेतात तिथे थांबा. दुसऱ्या दिवशी मूल स्वतः पुस्तक घेऊन येतं की नाही बघा.

डॉ. झाकिर हुसेन 1967 साली देशाचे राष्ट्रपती झाले, हे आपल्याला माहीत असतं. त्यांनी मुलांसाठी 'अब्बू खाँ की बकरी' लिहिली, हे कमी जणांना माहीत आहे. चाँदनी नावाची बकरी दावं सोडून डोंगरावर जाते आणि रात्रभर लांडग्याशी झुंजते. शेवटी ती मरते, म्हणून आधी स्वतः वाचून मगच ठरवा. माझी मुलगी रडली होती. पण आठवडाभर तीच विचारत होती, "अम्मी, मग जिंकलं कोण?"

पंचतंत्रातल्या गोष्टीही या वयाला छान. काही पालक म्हणतात, "त्या आपल्या नाहीत ना?" त्यांना सांगते, याच गोष्टी पहलवी भाषेतून आठव्या शतकात इब्नुल मुकफ्फा यांनी अरबीत नेल्या. तेच 'कलीला व दिम्ना'. करटक आणि दमनक या कोल्ह्यांची ही अरबी नावं. बगदादमधल्या मुलांनी ऐकलेल्या गोष्टी आपल्या मुलांनी का ऐकू नयेत?

अकरा वर्षांच्या पुढे

भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' द्या. फुरसुंगीचा हा सायकलवाला पोरगा पुस्तकाचा कंटाळा असलेल्या मुलांनाही धरून ठेवतो. उर्दूत कृष्णचंदर यांचं 'उल्टा दरख़्त' घ्या. जमिनीखाली उलटं वाढणाऱ्या झाडाची ती अजब सफर आहे.

साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली 'श्यामची आई' तर रात्रीसाठीच बेतलेली आहे. तिच्या प्रकरणांना 'रात्र' असंच म्हटलंय. रोज एक रात्र वाचावी. कोकणातल्या आपल्या घरांना त्यातलं गरिबीतलं, आईच्या शिस्तीतलं बालपण ओळखीचंच वाटेल. शेवटच्या रात्री मात्र जड आहेत, तेव्हा सोबत बसा.

मासिकांत बालभारतीचं 'किशोर' 1971 पासून निघतं आणि जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. उर्दूसाठी मुंबईचं 'गुल बूटे' आहे.

ज्यांना वाचता येत नाही त्यांनी काय करावं?

एका आईने मला हळूच सांगितलं होतं, "टीचर, मी शाळेत गेलेच नाही. मी काय वाचणार?" मी म्हटलं, "तुम्ही ऐका. मुलाला वाचू द्या." मूल अडखळलं तरी चूक काढणारं कोणी नाही, त्यामुळे ते मोकळेपणाने वाचतं. काही दिवसांनी तो मुलगा वर्गात हात वर करून म्हणाला, "मी वाचू?" आधी तो मागच्या बाकावर लपायचा.

आपली बरीच मुलं इंग्रजी माध्यमात आहेत. त्यात वाईट काही नाही. पण उर्दू दादीपुरती आणि मराठी बाजारापुरती राहिली, तर दोन्ही भाषांतली पुस्तकं त्यांना कायमची परकी होतील. ट्यूशन लावून ही ओढ येत नाही.

आज रात्री एकच गोष्ट घ्या, छोटीशी. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. वाचून झालं की पुस्तक मिटा, दिवा मालवा. प्रश्न विचारू नका.