विश्लेषण : सकाळी सभा, दुपारी जेवण, रात्री पार्टी… कंपनीच्या कार्यक्रमासाठी ‘लवचीक’ हॉल कसा निवडायचा?

एका बाजूला कोळीवाडा आणि समुद्र, दुसऱ्या बाजूला युनियन पार्क आणि कार्टर रोड. समजा, खारदांडा परिसरातील एका कंपनीला १८० कर्मचाऱ्यांचा वार्षिक कार्यक्रम करायचा आहे. सकाळी भाषणे, मग चार गटांत चर्चा, दुपारी जेवण आणि संध्याकाळी बक्षीस समारंभ. ‘३०० जणांचा हॉल आहे, पूर्ण फ्लेक्झिबल’ असे सांगितले जाते आणि ॲडव्हान्स भरला जातो. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी १ वाजता मात्र कळते, की जेवणाची टेबले लावायची तर सगळ्यांना दीड तास बाहेर थांबावे लागेल. ही वेळ का येते आणि ती कशी टाळता येईल?

‘लवचीक’ म्हणजे नेमके काय?

हॉल दाखवणारा माणूस ‘फ्लेक्झिबल’ म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ बहुतेकदा खुर्च्या हलवता येतात एवढाच असतो. कार्यक्रम करणाऱ्याला मात्र तीन गोष्टी हव्या असतात. एकाच दिवसात मांडणी बदलता यावी, माणसे कमी-जास्त झाली किंवा तारीख पुढे गेली तरी मोठा भुर्दंड बसू नये आणि ठरलेला कार्यक्रम त्या जागेच्या नियमांत बसावा. यातील पहिली गोष्ट हॉलमध्ये दिसते. दुसरी करारात आणि तिसरी परवान्यांत असते. फसगत होते ती बहुधा दुसऱ्या आणि तिसऱ्या बाबतीत.

‘३०० जणांचा हॉल’ हा आकडा कुठून येतो?

वांद्रे-कुर्ला संकुलातील जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटर मार्च २०२२ मध्ये सुरू झाले. त्या वेळी जाहीर झालेल्या माहितीनुसार तेथील बॉलरूम ३२,२९० चौरस फुटांची असून तिची क्षमता ३,२०० पाहुण्यांची आहे. भागाकार केला तर माणशी साधारण १० चौरस फूट येतात. तेथील दोन कन्व्हेन्शन हॉलचे मिळून क्षेत्रफळ १,०७,६४० चौरस फूट आणि क्षमता १०,६४० आहे. म्हणजे पुन्हा माणशी १० चौरस फूटच.

हॉल लहान असो वा मोठा, माहितीपत्रकातील क्षमता साधारण याच हिशेबाने काढलेली असते. नाट्यगृहासारख्या ओळीत खुर्च्या लावल्या तर माणशी ८ ते १० चौरस फूट पुरतात. गोल टेबलांभोवती बसवायचे तर १२ ते १५ चौरस फूट लागतात. लिहिण्यासाठी पुढे टेबल हवे असेल तर त्याहूनही जास्त.

आता ३,००० चौरस फुटांचा ‘३०० जणांचा’ हॉल घेऊ. त्यातून स्टेजसाठी ४००, बुफेसाठी ५०० आणि साऊंड-लाइटच्या टेबलासाठी १०० चौरस फूट वजा केले तर २,००० उरतात. माणशी १४ चौरस फुटांच्या हिशेबाने तेथे टेबलांवर जेमतेम १४२ जण बसतील. अगदी दाटीवाटीने, १२ चौरस फुटांत बसवले तरी १६६. १८० कर्मचाऱ्यांची कंपनी ‘३०० जणांच्या’ हॉलमध्ये मावत नाही, ती अशी.

मांडणी बदलायला किती वेळ लागतो?

हा प्रश्न सहसा विचारलाच जात नाही. १८० खुर्च्या उचलणे, टेबले आणणे, त्यांवर कापड आणि ताटे लावणे यासाठी पुरेशी माणसे असली तरी एक ते दोन तास सहज जातात. जेवणाची सुट्टी असते तासाभराची. त्यामुळे हॉलइतकीच त्याच्या बाहेरची मोकळी जागा, म्हणजे लॉबी किंवा फॉयर, महत्त्वाची ठरते. जेवण तेथे झाले तर आतली मांडणी तेवढ्या वेळात बदलून होते. दुसरा मार्ग म्हणजे सकाळपासूनच गोल टेबले लावून स्टेजकडे पाठ होणाऱ्या खुर्च्या काढून टाकणे. यात जागा जास्त लागते, पण दिवसभर काहीच हलवावे लागत नाही. गटचर्चाही त्याच टेबलांवर होते.

हलते पार्टिशन खरेच उपयोगी पडते का?

पडते, पण ते आवाज अडवत असेल तरच. अनेक ठिकाणी पार्टिशन फॉल्स सीलिंगपर्यंतच असते. सीलिंगच्या वरची पोकळी बंद केलेली नसेल, तर आवाज वरून पलीकडे जातो. शेजारच्या भागात बारशाचा कार्यक्रम सुरू असेल, तर इकडचे सादरीकरण कोणालाच ऐकू येत नाही. पाहणीच्या वेळी पार्टिशन लावायला सांगावे, पलीकडे माइक सुरू करावा आणि अलीकडे उभे राहून ऐकावे. या तपासणीला पाच मिनिटे पुरतात.

हॉटेलऐवजी स्टुडिओ चालेल का?

खारदांड्याजवळच, वांद्र्याच्या हिल रोडवर याचे जुने उदाहरण आहे. निर्माते-दिग्दर्शक मेहबूब खान यांनी १९५४ मध्ये उभारलेला मेहबूब स्टुडिओ. चित्रीकरणासाठी बांधलेल्या या जागेत २०१० मध्ये शिल्पकार अनिश कपूर यांचे प्रदर्शन भरले आणि २०११ पासून महिंद्रा ब्लूज हा संगीत महोत्सव होऊ लागला. चित्रीकरणाचा फ्लोअर म्हणजे उंच छताची मोठी रिकामी खोली. मध्ये खांब नाहीत, नक्षीदार झुंबरे नाहीत, त्यामुळे हवा तो सेट उभा करता येतो.

मात्र रिकाम्या जागेत खुर्च्यांपासून केटररपर्यंत बरेच काही बाहेरून आणावे लागते. कधी जनरेटर, जादा एसी आणि स्वच्छतागृहांचीही सोय करावी लागते. त्यामुळे भाडे कमी दिसले तरी एकूण खर्च हॉटेलएवढाच होऊ शकतो. दोन्हींची तुलना करताना भाड्याची नव्हे, सगळ्या खर्चाची बेरीज करून माणशी किती पडतात ते पाहावे.

करारात काय पाहायचे?

पहिली गोष्ट ‘मिनिमम गॅरंटी’. १८० ताटांची हमी दिली आणि १४० जण आले, तरी पैसे १८० ताटांचे द्यावे लागतात. त्यामुळे हमी कमी आकड्याची द्यावी आणि अंतिम आकडा कधीपर्यंत वाढवता येईल, हे लिहून घ्यावे. दुसरे, तारीख बदलली तर ॲडव्हान्स पुढे धरला जाईल की बुडेल? मुंबईत जून ते सप्टेंबरदरम्यान हा प्रश्न कागदावरचा राहत नाही. हवामान खात्याच्या रेड अलर्टमुळे कार्यक्रम रद्द झाल्यास काय होईल, हे नावानिशी लिहिलेले असावे. तिसरे, आदल्या रात्री सेटअपसाठी हॉल मिळेल का आणि ठरलेल्या वेळेनंतरच्या प्रत्येक तासाला किती आकार? तोंडी दिलेल्या शब्दाला बिलाच्या वेळी किंमत नसते.

कोणते नियम आड येतात?

समुद्राकाठचे लॉन किंवा गच्ची कितीही आकर्षक वाटली, तरी २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपक लावता येत नाही. बंदिस्त सभागृह किंवा बँक्वेट हॉलला यातून सूट आहे, पण आवाज आतच राहायला हवा. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते, मात्र ती सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठी असते. म्हणून लॉन घ्यायचे तर बक्षीस समारंभ आणि गाणी १० च्या आत संपतील असे वेळापत्रक हवे.

आगीच्या सुरक्षेबाबत तडजोड नकोच. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री कमला मिलमधील रेस्टॉरंटच्या आगीत १४ जणांचा जीव गेला. राज्याच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीतील अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र, म्हणजे ‘फॉर्म बी’, दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक संस्थेकडून घ्यावे लागते. ते दाखवायला सांगणे हा कार्यक्रम करणाऱ्याचा आगाऊपणा नाही. सजावटीचे पडदे आणि फोटोसाठीचा बॅकड्रॉप बाहेर पडण्याच्या दारासमोर येत नाही ना, हेही आदल्या रात्रीच पाहावे.

तारीख ठरवताना पंचांग का पाहावे?

लग्नाच्या तिथींना हॉलचे भाव चढतात आणि वेळा आखडतात. संध्याकाळी लग्न असेल तर कंपनीला ४ वाजताच हॉल रिकामा करावा लागतो. तिथी नसलेल्या मंगळवारी किंवा बुधवारी तोच हॉल स्वस्तात मिळू शकतो आणि मांडणी बदलायलाही वेळ मिळतो. दांड्याच्या आसपास कार्यक्रम असेल तर नारळी पौर्णिमा आणि गणपती विसर्जनाच्या दिवशी सामानाचा टेम्पो आत नेणे अवघड, हेही लक्षात ठेवावे.

कर्मचारी कुठून येणार, हेही पाहायला हवे. मेट्रो ३ मार्गिका ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते बीकेसी सुरू झाली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पोहोचली. त्यामुळे अंधेरी किंवा दक्षिण मुंबईहून येणाऱ्यांना बीकेसी सोयीचे पडू शकते. पावसाळ्यात मात्र मिलन आणि अंधेरी सबवेत पाणी भरल्यास पूर्व उपनगरांतून येणारे अडकू शकतात.

पाहणीला जाताना काय न्यावे?

मोजपट्टी, दिवसभराचे वेळापत्रक आणि माणसांचा खरा आकडा. तसेच हॉलच्या व्यवस्थापकाकडून तीन गोष्टी ईमेलवर मागाव्यात : प्रत्येक मांडणीचा स्टेज आणि बुफेसह आराखडा, मांडणी बदलायला लागणारी माणसे व वेळ आणि तारीख बदलल्यास परत मिळणारी रक्कम. ही उत्तरे ॲडव्हान्स भरण्याआधी हातात असावीत. ती मिळत नसतील, तर हॉल कितीही देखणा असला तरी दुसरा पाहिलेला बरा.