रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे

सेकंड इयरच्या दोन मुलांनी कॉलेजच्या आसपासच्या हॉटेलांसाठी एक वेब अ‍ॅप करायला घेतलं. "ताई, कुठे जायचं ते सगळे सांगतात, काय मागवायचं ते कोणी सांगत नाही," हा त्यांचा मुद्दा मला पटला. माझी पीएचडी गहाळ डेटावर आहे, त्यामुळे मदतीला मी आले. पायथन, फ्लास्क, एसक्यूलाइट, एवढाच पसारा. शनिवार-रविवारात स्क्रीनवर काहीतरी दिसायला लागलं.

आतली कल्पना साधी आहे. एक मोठा तक्ता घ्या: आडव्या ओळीत माणसं, उभ्या रकान्यात पदार्थ, चौकटीत १ ते ५ तारे. तुमची आवड ज्याच्याशी जुळते, त्याला आवडलेलं पण तुम्ही न खाल्लेलं तुम्हाला सुचवायचं. आमच्याकडे ६० मित्रमैत्रिणी, १४० पदार्थ आणि ३०० रेटिंग होती. म्हणजे ८,४०० चौकटींपैकी साधारण ३.६ टक्के भरलेल्या. नेटफ्लिक्सने २००६ मध्ये स्पर्धेसाठी खुला केलेला डेटा तर जेमतेम १.२ टक्के भरलेला होता! पण हुरळून जाऊ नका. त्यांच्याकडे माणशी सरासरी २०० हून जास्त रेटिंग होती, आमच्याकडे ५. पाच पदार्थांवरून कोणाची जीभ ओळखायची म्हणजे अवघडच.

(शिवाय मिसळ, मिसळपाव आणि रोमन लिपीतली तीन स्पेलिंग असे एकाच हॉटेलचे पाच 'पदार्थ' झाले होते. ते निस्तरण्यात एक अख्खी संध्याकाळ गेली.)

पहिली चूक: मुलांनी रिकाम्या चौकटीत ० भरलं होतं, कारण त्याशिवाय कोड चालेना. आता बघा. दोघांनी खाऊन ४ आणि ५ दिलेल्या नव्या पदार्थाची सरासरी ४.५ हवी. ती ९ भागिले ६० म्हणजे ०.१५ आली. आणि ज्या दोघांनी एकही समान पदार्थ खाल्लेला नाही, ती माणसं अ‍ॅपला जुळी भावंडं वाटायला लागली, कारण दोघांच्या ओळीत शून्यंच शून्यं. 'खाल्लं नाही' आणि 'आवडलं नाही' यात फरक आहे, हे कॉम्प्युटरला आपण सांगावं लागतं.

शून्यं काढल्यावर उलटंच झालं. एकाच मताचा, ५ तारेवाला साबुदाणा वडा पहिला आणि ४० मतांची, ४.४ सरासरीची मिसळ त्याच्या खाली. यावर जुना उपाय आहे: प्रत्येक पदार्थाला अ‍ॅपच्या एकूण सरासरीची, आमच्याकडे ३.८ ची, १० काल्पनिक मतं आधीच देऊन टाकायची. वडा ४३ भागिले ११, म्हणजे ३.९ वर येतो आणि मिसळ २१४ भागिले ५०, म्हणजे साधारण ४.३ वर राहते. १० च का? दुसरं काही कारण नाही, करून बघितलं आणि बरं वाटलं.

इथवर सगळं गमतीत चाललं होतं. मग माझ्या रूममेटने अ‍ॅप वापरलं. ती कोट्टायमची, आणि तिला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. तशी तिने नोंदही केली होती. अ‍ॅपने तिला सगळ्यात वर सुचवली खमंग काकडी. नावात शेंगदाणा कुठेच नाही, आत मात्र कूट! तिने सवयीने वेटरला विचारलं म्हणून निभावलं. मला रात्री झोप लागली नाही.

फिल्टर बरोबर होता, घोळ डेटाबेसमध्ये होता. 'शेंगदाणे' या रकान्याची डीफॉल्ट किंमत ० ठेवली होती. ज्या पदार्थाची माहिती कोणी भरलीच नाही, तो आपोआप 'शेंगदाणे नाहीत' ठरला. तीच पहिली चूक, फक्त जागा वेगळी. आणि पहिल्या वेळी तास-दीड तास लेक्चर देणारी मीच ही ओळ तपासून 'ओके' म्हटलं होतं.

आता त्या रकान्यात तीन उत्तरं आहेत: आहे, नाही, माहीत नाही. अ‍ॅलर्जी नोंदवलेल्याला फक्त 'नाही' वालेच पदार्थ दिसतात, आणि ही चाळणी ताऱ्यांच्या हिशोबाच्या आधी लागते. कितीही तारे असले तरी पदार्थ परत यादीत येत नाही. वर 'मागवण्याआधी विचारा' ही ओळही कायम असते.

परिणामी रूममेटला १४० पैकी ३१ पदार्थ उरले. मुलं आता हॉटेलं पालथी घालून एकेक रकाना भरतायत. काल एका आचाऱ्याने त्यांना ऐकवलं, "अहो, थोडं कूट सगळ्यातच पडतं आमच्याकडे." ३१ चे २४ झाले.