मालवाहू विजेरी वाहने आणि गावचे रोहित्र
पेण-रोहे परिसरातील चार्जिंगच्या नियोजनाचा विचार

मुंबई-गोवा महामार्गावरील पेण आणि कुंडलिकेच्या काठी वसलेले रोहे ही रायगड जिल्ह्यातील दोन महत्त्वाची व्यापारी केंद्रे होत. पेणच्या गणेशमूर्ती दूरवर जातात, तर रोह्याजवळील धाटाव औद्योगिक वसाहतीमुळे मालाची ने-आण बारमाही चालते. गॅस सिलिंडर, दूध, औषधे, किराणा आणि टपालाने येणारे खोके खेडोपाडी पोहोचविणारी लहान वाहने आता हळूहळू विजेवर धावू लागली आहेत. अशा वाहनांना पुरेशी वीज मिळेल काय, हा प्रश्न साहजिकच विचारला जातो. परंतु वीज किती लागेल, यापेक्षा ती कोणत्या वेळी लागेल, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

युनिट आणि किलोवॅट

एकूण वापरलेली वीज युनिटांत मोजतात, तर एका क्षणी पडणारा भार किलोवॅटमध्ये. हा भेद एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. एखाद्या वितरकाकडे २० तीनचाकी मालवाहू वाहने आहेत आणि प्रत्येकीला दिवसाच्या फेऱ्यांसाठी ८ युनिट वीज लागते, असे समजू. रोजची एकूण गरज १६० युनिट झाली. चार्जिंगचे प्रत्येक यंत्र ३ किलोवॅटचे असून सायंकाळी सात वाजता सर्व वाहने एकदम जोडली, तर ६० किलोवॅटचा भार एकाच वेळी पडेल.

वस्तीला वीज पुरविणारे रोहित्र १०० केव्हीएचे असेल, तर ते साधारणपणे ९० किलोवॅटपर्यंतचा भार पेलू शकते. दिवेलागणीच्या वेळी घरे, दुकाने आणि पिठाची गिरणी यांचा भार ५५ किलोवॅट धरला, तर वाहनांसह तो ११५ किलोवॅट होईल. अशा वेळी रोहित्र तापते, विजेचा दाब उतरतो आणि अखेरीस अवघी वस्ती अंधारात जाते. त्याची झळ वाहनमालकापुरती राहत नाही. नळयोजनेचा पंप आणि मासळीसाठी लागणारा बर्फ यांनाही ती बसते.

आता तीच वाहने ७, ७ आणि ६ अशा तीन गटांत विभागली, तर काय होईल? ८ युनिट भरण्यास सुमारे २ तास ४० मिनिटे लागतात. रात्री दहाला आरंभ केल्यास तिसरा गट सकाळी सहापर्यंत सज्ज होतो. या संपूर्ण काळात भार २१ किलोवॅटच्या वर जात नाही. वाहने तीच, युनिटेही तितकीच. केवळ वेळापत्रकामुळे नव्या रोहित्राचा खर्च टळू शकतो.

भिऱ्याचा धडा

हे तत्त्व या परिसराला नवीन नाही. कुंडलिकेच्या खोऱ्यातील भिरा येथे १९२७ पासून जलविद्युतनिर्मिती होत आहे. तेथील १५० मेगावॅटच्या उदंचन संचाची रचना याच विचारावर आधारलेली आहे: मागणी कमी असताना पाणी वर चढवावे आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज निर्माण करावी. विजेरी वाहनाची बॅटरी हीदेखील अशीच एक छोटी साठवण होय.

धोरण आणि दर

चार्जिंग केंद्र चालविण्यास वीजपुरवठ्याचा परवाना लागत नाही, असे केंद्र शासनाने २०१८ मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे ग्रामपंचायत, सहकारी संस्था किंवा बचत गट यांनाही हे काम हाती घेता येते. राज्याच्या २०२१ च्या विद्युत वाहन धोरणाचा भर मोठ्या शहरांवर होता. २०२५ च्या धोरणात राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटर अंतरावर चार्जिंगची सोय करण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. तसेच २०२३ मध्ये वीजग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती होऊन सौर तासांतील दर नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्के कमी ठेवण्याचे तत्त्व स्वीकारण्यात आले. दुपारच्या विश्रांतीत वाहन जोडणे म्हणूनच हितकारक ठरते.

स्थानिक काळजी

कोकणातील हवामानाचा विचार येथे अपरिहार्य आहे. धरमतर खाडीलगतच्या खाऱ्या हवेत लोखंड लवकर गंजते. सखल भागात पावसाळ्यात पाणी साचते. यासाठी यंत्रे उंच चौथऱ्यावर व छपराखाली असावीत, अर्थिंग पक्के असावे आणि गळती होताच वीज तोडणारी व्यवस्था असावी. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात जिल्ह्यातील असंख्य खांब कोसळले आणि अनेक गावे कित्येक दिवस विजेविना राहिली. वादळाची सूचना मिळताच सर्व बॅटऱ्या पूर्ण भरून घेणे आणि औषधांच्या वाहतुकीसाठी इंधनावरील एखादे वाहन राखून ठेवणे, ही दूरदृष्टी म्हणूनच आवश्यक आहे.

प्रथम काय करावे?

वाहने आधी आणि विजेची चौकशी नंतर, हा क्रम उलटा आहे. पंचायतीने प्रथम परिसरातील मालवाहू वाहनांची संख्या, त्यांच्या रोजच्या फेऱ्या आणि मुक्कामाची वेळ यांची नोंद करावी. ती यादी घेऊन महावितरणच्या स्थानिक कार्यालयात रोहित्राची क्षमता आणि त्यावरील सायंकाळचा भार जाणून घ्यावा. जागेची निवड त्यानंतर करावी. शिक्षकांनी वरील हिशेब वर्गात मांडला, तर युनिट व किलोवॅट यांतील भेद मुलांना घरबसल्या उमगेल. नियोजनाचा आरंभ अशा साध्या आकडेमोडीतूनच होत असतो.