मांजर सोफ्यावर लघवी करतंय? हाकलण्याआधी कारण शोधा

सकाळी उठून बघावं तर सोफ्याचा कोपरा ओला आणि घरभर उग्र दर्प. कव्हर धुतलं, उन्हात टाकलं, अगरबत्ती लावली. चार दिवसांनी पुन्हा तेच, त्याच जागी! मग घरात वाद सुरू. "मुद्दाम करतंय बघा ते," असं एकाचं म्हणणं, तर "पोत्यात घाला आणि लांब नेऊन सोडा" असा दुसऱ्याचा सल्ला. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या कितीतरी घरांत हा संवाद झालेला असेल.

पण मांजर डूख धरून सोफा खराब करत नाही. मांजर मुळात स्वच्छ प्राणी. भुसभुशीत जागा मिळाली की उकरायचं, बसायचं आणि वरून माती ओढून झाकायचं, ही त्याची उपजत सवय. पूर्वी मागच्या दारी परसू होतं, राखेचा ढीग होता, त्यामुळे प्रश्नच नव्हता. आता घराला चारी बाजूंनी काँक्रीट आणि आत गुळगुळीत फरशी. अशा घरात पाणी शोषून घेणारी मऊ जागा म्हणजे गादी नाहीतर सोफाच. शिवाय इतके दिवस नीट वागणाऱ्या मांजराने अचानक सवय मोडली, तर काहीतरी बिघडलंय असं समजा. शरीरात तरी, नाहीतर घरात तरी.

पहिलं काम : डॉक्टरांना दाखवा

मूत्राशयाला सूज आली, खडे झाले किंवा जंतुसंसर्ग झाला, की लघवी करताना आग होते. नेहमीच्या जागी बसलं की दुखतं, एवढंच मांजराला कळतं. म्हणून ते ती जागा सोडून दुसरी शोधतं. वय झालेल्या मांजराला मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर ते पाणी जास्त पितं आणि लघवीही जास्त करतं. म्हणून आधी तपासणी करून घ्या. जवळ खासगी डॉक्टर नसतील तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या.

बोका पाळणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. बोका सारखा बसतोय, कुंथतोय, ओरडतोय, पण थेंबभरच येतंय किंवा काहीच येत नाही, तर त्याचा मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. शी कडक झाली असेल म्हणून वाट बघत बसू नका. लघवी पूर्ण अडली की रक्तात पोटॅशियम वाढतं, त्याचा हृदयावर परिणाम होतो आणि दोन-तीन दिवसांत जनावर दगावू शकतं. रात्र असली तरी डॉक्टरांना फोन लावा. आणि घरातली पॅरासिटामॉल देऊ नका. माणसाचं हे साधं औषध मांजराला विषासारखं आहे.

लघवी आहे की हद्दीची खूण?

मांजर खाली बसून गादीवर किंवा सोफ्याच्या बैठकीवर भरपूर ओलं करत असेल, तर ती लघवी. उभं राहून, शेपटी ताठ करून थरथरवत, सोफ्याच्या पाठीवर, भिंतीवर किंवा दारावर थोडीशी फवारणी करत असेल, तर ती खूण. "ही हद्द माझी" असं सांगायची ती पद्धत. खिडकीबाहेर गल्लीतला दुसरा बोका येऊन बसायला लागला, की घरातला बोका हमखास हा उद्योग करतो.

यावर खात्रीचा इलाज म्हणजे नसबंदी. शस्त्रक्रियेनंतर साधारण दहापैकी नऊ बोके खुणा करायचं थांबवतात किंवा खूप कमी करतात. मांजर पाच-सहा महिन्यांचं झालं की डॉक्टरांशी बोलून घ्या. सवय मुरायच्या आत केलेलं बरं. माद्याही माजावर आल्या की फवारतात, त्यांनाही हाच उपाय.

मांजराला त्याची जागा द्या

दुकानातला ट्रे पाहिजेच असं नाही. पसरट प्लास्टिकचा टब चालतो, फक्त मांजराला आत वळता आलं पाहिजे. त्याच्या लांबीच्या दीडपट असला तर उत्तम. आत बारीक वाळू घाला किंवा विकतचं बिनवासाचं लिटर. सुगंधी लिटर आपल्याला आवडतं, पण बऱ्याच मांजरांना नाही.

ट्रे किती ठेवायचे याचा हिशोब सोपा आहे : जितकी मांजरं, त्यापेक्षा एक जास्त. दोन मांजरांना तीन. ट्रे वॉशिंग मशीनच्या शेजारी किंवा जेवणाच्या ताटलीजवळ नको, शांत कोपऱ्यात असावा. घाण रोज काढा. घरात गर्भवती बाई असेल तर हे काम दुसऱ्या कुणीतरी करावं, कारण मांजराच्या विष्ठेतून होणारा संसर्ग पोटातल्या बाळाला धोक्याचा असतो.

सोफ्याची सवय लागलीच असेल, तर सुरुवातीला ट्रे सोफ्याशेजारीच ठेवा. मांजर तो वापरायला लागलं की रोज थोडा थोडा सरकवत हव्या त्या जागी न्या.

वास गेला नाही, तर सवय जाणार नाही

मांजराच्या लघवीतल्या युरिक आम्लाचे स्फटिक नुसत्या पाण्याने विरघळत नाहीत. सोफा वाळला की वास गेल्यासारखा वाटतो, पण हवेत ओल आली की पुन्हा उठतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर विचारू नका. आपल्याला वास आला नाही तरी मांजराला येतो आणि ते परत तिथेच बसतं.

ताजी लघवी असेल तर आधी जुन्या फडक्याने टिपून घ्या, घासू नका. मग पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळणारं एन्झाईमवालं क्लीनर आतल्या फोमपर्यंत मुरेल इतकं घाला आणि आपोआप वाळू द्या. ते नसेल तर पांढरा व्हिनेगर आणि पाणी सम प्रमाणात घेऊन पुसा, वाळल्यावर खायचा सोडा भुरभुरवून झाडून घ्या. त्याने वास बराच कमी होतो, पण जुन्या डागाला एन्झाईमच लागतं. कापडाचा रंग जातो का, ते आधी कोपऱ्यात बघा. डाग दिसत नसेल, तर नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याने अंधारात शोधा. लघवीची जागा चमकते.

हे मात्र करू नका

फिनाईल ओतू नका. मांजर पंजे चाटतं आणि त्यातली रसायनं त्याच्या यकृताला पचत नाहीत. डांबराच्या गोळ्याही मांजराला विषारी. ब्लीचिंग पावडर लघवीवर टाकली तर घातक वायू तयार होतो, तो माणसालाही बाधतो. अमोनियाच्या क्लीनरचा वास मांजराला लघवीसारखाच वाटतो.

मारणं, नाक घासणं यानेही काही साधत नाही. मांजर घाबरतं आणि ताण वाढला की मूत्राशयाची सूज वाढते. चतुर्थीच्या आधी रंगकाम, हलवलेलं सामान, पाहुण्यांची वर्दळ, दिवाळीचे फटाके, यातल्या कशानेही मांजर बिथरतं. अशा दिवसांत त्याला एक शांत खोली, पाणी आणि ट्रे द्या.

राहिला प्रश्न "लांब नेऊन सोडा" याचा. घरात वाढलेल्या मांजराला अनोळखी जागी खायला शोधणं जमत नाही, तिथली कुत्री वेगळीच. उपासमार होईल अशा स्थितीत जनावर सोडून देणं हा प्राण्यांशी क्रूरतेला प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्यानुसार गुन्हाही आहे. आणि दुखणं असेल, तर ते त्या पोत्यातून मांजराबरोबरच जातं. सोफ्यावरचा डाग ही त्याची तक्रार असते. पोतं शोधण्याआधी एकदा ती ऐकून घ्या.