गाठी भिजल्या कुठे? ट्रकच्या केबिनमधून चंद्रपूर ते सिरोंचा

आमचा धंदा कापडाचा. मालेगावहून लुगडी, लुंग्या, पंचे यांच्या गाठी चंद्रपुरात आमच्या गोदामात उतरतात आणि तेथून गडचिरोली, आलापल्ली, सिरोंचा या बाजूच्या दुकानदारांना जातात. गेल्या पावसाळ्यात लागोपाठ दोन खेपांत सिरोंच्याच्या गाठी भिजून पोचल्या. वरचे थर पिवळे पडलेले आणि आत बुरशीचा वास. दुकानदाराने माल परत केला. आम्ही ट्रान्सपोर्टवाल्याच्या भाड्यातून पैसे कापले, त्याने ते चालकाच्या हिशेबातून कापले. चालक म्हणे, माझा कसूर नाही. तिसऱ्या खेपेला आम्ही ठरवले की गल्ल्यावर बसून कोण खरे, कोण खोटे ठरवण्यापेक्षा एकदा मालाबरोबर जाऊन पाहावे. घरच्यांनी आमच्या वयाची आणि कमरेची आठवण करून दिली, तरी आम्ही निघालो.

सोमवारी रात्री केबिनची पायरी चढताना चालकाने पहिला प्रश्न विचारला, "सेठ, बिल्टीवर तुमचं नाव आहे ना जी?"

आम्हाला वाटले, हा आमच्यावरच संशय घेतो. तसे नव्हते. बिल्टीवर मालाचे मालक म्हणून आमचे नाव असेल तरच तो बसवणार होता. ही गोष्ट व्यापारी बांधवांनी नीट समजून घ्यावी. मालवाहू गाडीचा जो सक्तीचा विमा असतो, त्याचे संरक्षण गाडीत बसलेल्या कोणालाही मिळत नाही. मोटर वाहन कायदा 1988 च्या कलम 147 मध्ये 1994 साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी त्यात आला. फुकट बसलेला प्रवासी मात्र आला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये बलजित कौर यांच्या खटल्यात स्पष्ट केले. मालकाने सुद्धा केबिनमध्ये बसलेले असावे लागते. वर गाठींवर झोपून जाणाऱ्याला मालक असूनही हे संरक्षण मिळत नाही.

आमच्या आतेभावाचा मुलगा असाच एका ओळखीच्या ट्रकमध्ये बसून नागपूरला निघाला होता. माल दुसऱ्याचा, हा फक्त सोबतीला. बुटीबोरीजवळ गाडी उलटली आणि त्याचा पाय गेला. विमा कंपनीने हात वर केले. गाडीमालकाकडे वसूल करण्यासारखे काही उरले नव्हते. त्या मुलाचे शिवणकामाचे दुकान बंद झाले, कारण मशीन पायानेच चालायची. आपण आपल्या नोकराला मालाबरोबर पाठवतो, तेव्हा दुकानाच्या कागदावर "अधिकृत प्रतिनिधी" अशी दोन ओळींची चिठ्ठी सही-शिक्क्यासह देतो का? आम्ही तीस वर्षांत कधी दिली नव्हती.

असो. गडचिरोलीला सहा गाठी उतरवायच्या होत्या म्हणून मूल, सावली या मार्गाने गेलो. नाही तर आलापल्लीसाठी गोंडपिपरीचा रस्ता जवळचा. मूलच्या जंगलात चालक गाडी इतकी हळू हाकू लागला की आम्ही घड्याळ पाहिले. "इथं जनावर आडवं येते," एवढेच तो म्हणाला. वैनगंगेचा पूल ओलांडून गडचिरोली, माल उतरवून पुढे चामोर्शी आणि उजाडता उजाडता आष्टी. येथून सूरजागडच्या लोहखनिजाच्या गाड्यांची रांग समोरून येऊ लागली. डिसेंबर 2016 मध्ये त्याच सूरजागडला नक्षलवाद्यांनी सत्तरहून अधिक वाहने जाळली होती. त्या वेळी या भागात भाडे घ्यायला चालक तयार होत नसत. मे 2019 मध्ये जांभुळखेड्याच्या स्फोटात 15 जवानांबरोबर त्यांच्या गाडीचा खाजगी चालकही गेला. आमचा चालक या गोष्टी सांगताना आवाज चढवत नव्हता. त्याला जास्त राग खड्ड्यांचा होता.

आलापल्लीच्या पुढे, जिमलगट्ट्याच्या अलीकडे, मंगळवारी दुपारी गाडी थांबली. नाल्यावरून पाणी. पुढे सतरा-अठरा गाड्या उभ्या, मागे आणखी लागत गेल्या. आम्ही त्या जागी 29 तास होतो.

गाठी कुठे भिजतात ते तेथे दिसले. पाऊस रात्रभर पडत होता. ताडपत्री जुनी, घडीवर चिरलेली. फांद्या घासून पडलेल्या भोकांना डांबर लावलेले. चालत्या गाडीत पाणी वाहून जाते, उभ्या गाडीत ते ताडपत्रीच्या खोलगट भागात साचते आणि थेंब थेंब खाली उतरते. चालक आणि क्लीनर रात्रीतून चार वेळा वर चढून काठीने ते पाणी ढकलत होते. स्वतःच्या अंथरुणाखालचा प्लॅस्टिकचा कागद काढून चालकाने आमच्या गाठींवर टाकला. आम्ही केबिनमध्ये बसून पाहत होतो.

सकाळी स्टोव्हवर भात शिजला. जेवताना आम्ही विचारले, नवी ताडपत्री का घेत नाहीत?

"मालक म्हणते, सेठ दोन वर्षापासून भाडं वाढवत नाही, ताडपत्री कुठून आणू?"

सेठ म्हणजे आम्हीच. थांबलेल्या दिवसांचे हॉल्टिंगही आम्ही कधी दिलेले नव्हते. चालकाला भत्ता खेपेवर मिळतो. खेप दोन दिवसांची चार दिवस झाली तरी भत्ता तेवढाच. 1961 च्या मोटर परिवहन कामगार कायद्याने त्याच्यासाठी दिवसाला 8 तासांचे काम ठरवले होते. नाल्याकाठी आम्ही त्याला हे सांगितले, तेव्हा क्लीनर हसला.

दुसरी अडचण ई-वे बिलाची. दिवसाला 200 किलोमीटर हा हिशेब 2021 पासून आहे. आमचे अंतर दोनशेच्या वर, म्हणून मुदत दोन दिवसांची, ती बुधवारी मध्यरात्री संपत होती. मुदत वाढवता येते, पण संपण्याआधी 8 तास किंवा संपल्यानंतर 8 तास एवढ्याच वेळात, आणि ते काम गाडी ज्याच्या ताब्यात आहे त्या ट्रान्सपोर्टरचे. मुदत संपलेल्या बिलावर गाडी पकडली गेली तर कराच्या दुप्पट दंड होऊ शकतो. नाल्यावर रेंज नाही. बुधवारी दुपारी क्लीनर जिमलगट्ट्यापर्यंत चालत गेला, तेथून चंद्रपूरला फोन लागला आणि वेळेत काम झाले. पूर, अपघात, बिघाड हे कारण त्यात नोंदवता येते. आपल्या ट्रान्सपोर्टवाल्याला हे माहीत आहे का, एवढे पावसाळ्यापूर्वी विचारून ठेवावे.

बुधवारी रात्री सिरोंच्याला पोचलो. बावीस गाठींपैकी चार भिजल्या होत्या, चारही तळाच्या. तळाला लाकडी पाट्या नव्हत्या, ते वरून कोणाच्या लक्षात येत नाही. आता मालेगावला प्रत्येक गाठीत गोणपाटाच्या आत प्लॅस्टिक घालायला सांगितले आहे. त्याचा खर्च वेगळा लागतो, पण एका परत आलेल्या गाठीपेक्षा कमीच. ताडपत्री आम्ही आमची घेतली, ती पावसाळ्यात आमच्या मालावरच राहील. हॉल्टिंगचा दर बिल्टीवर लिहून द्यायचे ठरवले आहे.

चालक तेथे झोपलाही नाही. करीमनगरकडे तांदळाची भरती होती. गोदावरीवर 2016 मध्ये पूल झाला तेव्हापासून सिरोंच्यातून थेट तेलंगणात उतरता येते, त्यामुळे परतीचे भाडे मिळते आणि म्हणूनच आमच्यासारख्यांच्या खेपा त्याला परवडतात.

चंद्रपूरला परत आल्यावर मागच्या दोन खेपांचे कापलेले पैसे आम्ही ट्रान्सपोर्टवाल्याकडे पाठवून दिले. त्यातले चालकापर्यंत किती पोचले, ते पुढच्या खेपेला त्यालाच विचारायचे आहे.